बाकावरचा पाठमोरा माणूस

संध्याकाळी सात वाजता आमच्या घरी कोणी आलेलं आईला चालत नसे. पाहुणे असोत, गॅसवाला असो, नाहीतर हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आलेली शेजारीण असो, सात ते साडेसात आमचं दार बंद. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्यावर हसत. म्हातारीला सिरीयलचं वेड लागलंय, असं त्यांना वाटायचं. मी त्यांना तसंच वाटू देत असे. खरं सांगितलं असतं तर त्यांचं हसू थांबलं असतं, आणि मग तोंड दाखवणं मलाच जड गेलं असतं.

खरं असं होतं, की आई ती सिरीयल बघतच नव्हती. नायिकेचं लग्न कोणाशी झालं, सासूने दुधात काय कालवलं, जुळ्या बहिणींपैकी मेली कोणती, यातलं तिला काही सांगता आलं नसतं. ती बघायची एक बाक.

सिरीयल पश्चिमेकडच्या, उसाच्या मुलखातल्या एका गावाची होती. गावाला एक चौक, चौकात चहाची टपरी आणि टपरीपुढे लाकडी बाक. नायिका देवळात निघाली की त्या चौकातून जायची, भांडण व्हायचं तेही तिथेच. आणि दर वेळी मागे, त्या बाकावर, एक माणूस बसलेला असायचा. कॅमेऱ्याकडे पाठ. पांढरा सदरा, डोक्याला बांधलेला पांढरा दुपट्टा, हातात बहुतेक चहाचा ग्लास. तो बोलत नसे, उठत नसे आणि कधीही वळत नसे.

आईचं म्हणणं होतं, ते बाबा आहेत.

माझे बाबा बुटीबोरीच्या एका कारखान्यात होते. कंपनीची बस सकाळी आमच्या चौकातून त्यांना घ्यायची. बस येईपर्यंत ते टपरीवर चहा घेत. एका सकाळी ते नेहमीसारखे डबा घेऊन निघाले. बसमधल्या त्यांच्या सोबत्यांनी नंतर आम्हाला सांगितलं, की बस आली तेव्हा बाबा बाकावर बसलेले होते, रस्त्याकडे पाठ करून. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ते वळले नाहीत. पुन्हा वाजवला, तरी नाही. सुट्टी असेल असं समजून बस निघून गेली. टपरीवाल्याने थोड्या वेळाने पाहिलं तर बाकावर अर्धा ग्लास चहा आणि शेजारी जेवणाचा डबा, माणूस नाही.

पोलिसांत गेलो, पेपरात फोटो दिला, स्टेशनवर हिंडलो, कोणी सांगेल त्या बुवा-महाराजाकडे गेलो. काही कळलं नाही. कर्ज नव्हतं, भांडण नव्हतं, आजार नव्हता. मला त्यांचा राग येई, आणि अजूनही येतो. माणूस मेला तर त्याला क्षमा करता येते, हा धड मेलाही नव्हता.

अशी बरीच वर्षं गेली. आई कुंकू लावत राहिली. मग ही सिरीयल सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात मी शाळेतून आणलेल्या गणिताच्या वह्या तपासत बसले होते, आणि आई एकदम म्हणाली, “अवं, हे पाह्य. हे इथं बसून राहिले.”

मी मान वर केली तेव्हा नायिका रडत होती. “कोण?”

“तुहे बाबा.”

मी चिडले. माझा स्वभावच तसा आहे, आधी चिडते आणि मग घाबरते. मी तिला सांगितलं, “आई, ते लोक रोजीवर आणतात. मागे नुसतं बसायचं, बाकी काही काम नसते.”

“असन ना,” आई म्हणाली. “त्यायले बी कोठंतरी रोजी लागतच असन.”

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि काडी कशाची आहे ते बुडणारा विचारत नाही. चार-आठ दिवसांत तिचं तिलाच कळेल, असं मला वाटलं.

तिला काही कळलं नाही. उलट मलाच दिसायला लागलं. उसाच्या मुलखातले बाकीचे सगळे पुरुष टोपी नाहीतर पटका घालून होते. हा एकटा दुपट्टा बांधायचा, आणि तोही आपल्याकडे उन्हाळ्यात बांधतात तसा, कान झाकून, मागे गाठ मारून. बाबा त्या गाठीचं एक टोक डाव्या खांद्यावर सोडत. याचंही टोक डाव्या खांद्यावर होतं. मी स्वतःला समजावलं की कपडेपटात कोणीतरी नागपूरकडचा माणूस असेल, त्याने बांधून दिला असेल. नंतर एका भागात नायिकेच्या सासऱ्याने चौकात पंचायत भरवली, तेव्हा मागे या माणसाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान खाजवला. असं विचित्र खाजवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता. माझ्या हातातला पेन वहीवर तसाच राहिला. आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिने निदान त्या वेळी तरी काही बोलायला हवं होतं.

पुढे सिरीयलमध्ये त्यांनी लीप घेतली. म्हणजे गोष्ट एका रात्रीत कितीतरी वर्षं पुढे नेली. नायिकेच्या कानशिलांवर पांढरा रंग लावला, सासूला काठी दिली, पाळण्यातलं पोर कॉलेजला गेलं. टपरीचाही रंग बदलला. बाकावरचा माणूस मात्र होता तसाच होता. तोच सदरा, तीच पाठ, खांदेही जरासे वाकले नव्हते. मी गमतीने म्हटलं, “याचं वय वाढवायला विसरले वाटते.”

“गेलेल्याचं वय कोठं वाढते,” आई म्हणाली. “गेले तेव्हा होते, तेवढेच आहेत.”

ती हे भाजी निवडता निवडता म्हणाली. त्यानंतर मी सात वाजता स्वयंपाकघरात काम काढायला लागले. तरी कान तिकडे असायचे. बाहेरच्या खोलीत आई हळू आवाजात त्याच्याशी बोलायची. आज नळाला पाणी आलं नाही. कूलरची वाळ्याची ताटी बदलून घेतली. पोरगी चिडचिड करून राहिली, लक्ष देऊ नका. एखाद्या दिवशी चौकाचा देखावा नसायचा, त्या दिवशी ती लवकर झोपायची.

उमरेडकडे गावात माझे काका राहतात. बाबांचे धाकटे भाऊ, शेती करतात. ते दर वर्षी पितृपक्षाच्या आधी यायचे आणि एकच विषय काढायचे. हरवलेला माणूस बारा वर्षं दिसला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. काकांना ते करून टाकायचं होतं. “वयनी, मी पितरांचं पान मांडतो तर त्याचं मांडू का नको? ना तो जित्यात, ना मेल्यात. माह्या सपनात येते. वाड्याच्या फाटकापाशी पाठ करून उभा राह्यते, पाणी मागते. मी तांब्या घेऊन जातो, तर वळतच नाही.”

मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं मी म्हणाले खरी, पण काकांना सिरीयलविषयी आम्ही कधी सांगितलं नव्हतं. पाठ करून उभं राहणं त्यांनी कुठून आणलं, हे मला विचारावंसं वाटलं नाही.

आईचं उत्तर ठरलेलं असे. “भाऊजी, रोज दिसते त्या माणसाची तेरवी कोण करते?” काकांना वाटे ती भिंतीवरच्या बाबांच्या फोटोबद्दल बोलते आहे. ते डोळे पुसत चहा पिऊन परत जात.

यंदा दिवाळीनंतर जाहिरात लागली, की सिरीयल निरोप घेते आहे. गल्लीत बायकांनी पोरगी सासरी निघाल्यासारखा सूर लावला. समोरच्या काकू तर म्हणाल्या की आता सातला करायचं काय, नवऱ्याशी बोलायचं की काय? मी हसले, आणि घरात येऊन पाहिलं तर आई कुंकवाचा करंडा हातात धरून बसलेली. तिने विचारलं, “बंद होते म्हणजे ते कोठं जातात गा, ते सगळे लोक?” गा म्हणतात पुरुषांना. ती माझ्याशी बोलत नव्हती.

शेवटच्या आठवड्यातल्या जाहिरातीत दाखवत होते, की अखेरच्या भागात नायिका गाव सोडून निघते आणि अख्खा गाव तिला निरोप द्यायला चौकात येतो. मागचे, पुढचे, पडद्यामागचे, सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून हात हलवतात. आता मला नीट भीती वाटायला लागली. इतकी वर्षं या माणसाला तोंड नव्हतं, म्हणूनच तो आमच्या घरात राहू शकला होता. तो वळला आणि कोणी परकाच निघाला तर आईच्या हाती काय उरणार होतं? बाबा एकदा गेले तेव्हा ती कशीबशी उभी राहिली. दुसऱ्यांदा गेले तर उभी राहील याची मला खात्री नव्हती.

मी तिला म्हटलं, “शनिवारी कामठीला मावशीकडे जाऊ. राहूनच येऊ.”

“शनिवारी शेवटला आहे,” ती म्हणाली. “असं काहून म्हणून राहिली?”

“तुला त्रास होईल.”

“मले काय होते? मी इतके वर्षं पाह्यतच आहो.”

शनिवारी तिने ठेवणीतली नऊवारी काढली, केस विंचरले, देवापुढे दिवा लावला आणि साताच्या आधीच येऊन खुर्चीत बसली. मी स्वयंपाकघरात गेले नाही. तिच्याजवळ खाली बसले. थंडीचे दिवस होते, दार-खिडक्या लावलेल्या, तरी पायांशी कुठून तरी गार वारा येत होता.

सगळे एकमेकांच्या पाया पडले. सासू रडली. नायिका मोटारीत बसली आणि मोटार गावातून हळूहळू निघाली. देऊळ गेलं, विहीर गेली, शाळा गेली. दोन्ही बाजूंना लोक हात हलवत होते. मग चौक आला. सगळा चौक मोटारीकडे तोंड करून उभा होता, टपरीवालासुद्धा. बाकावरचा माणूस मात्र तसाच बसला होता, पाठ करून, शेजारी चहाचा ग्लास ठेवून.

मोटार टपरीपुढे थांबली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

आईने माझा खांदा धरला. तिची बोटं बर्फासारखी होती. तो माणूस हलला नाही. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न वाजवला. आणि मी ज्याला भीत आले होते ते घडायला लागलं. दुपट्ट्याचं डाव्या खांद्यावरचं टोक घसरलं. मान वळायला लागली. कान दिसला, गालाची कड दिसली, दाढीचे पांढरे खुंट दिसले.

आईने टीव्ही बंद केला.

काळ्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो, ती खुर्चीत आणि मी खाली. शेजारच्या घरातून त्याच सिरीयलचं शेवटचं गाणं ऐकू येत होतं. म्हणजे तिकडे तो वळलाही होता. गल्लीतल्या प्रत्येक घराने त्याचं तोंड पाहिलं होतं.

“काहून बंद केला?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. “काहून बंद केला, आई?” मला रडू फुटलं, आणि तेव्हा मला समजलं की मीही वाट पाहत होते. भाजी चिरताना, वह्या तपासताना, तिच्यावर चिडताना, इतकी वर्षं मीही त्या माणसाच्या वळण्याची वाट पाहत होते.

आईने रिमोट खाली ठेवला. “दुसराच कोणी निंगला असता, तर मी इतके वर्षं घरात बसवलं कोणाले? परक्या माणसाले?” ती पुढे म्हणाली, “अन् तेच असते, तर त्याच्याहून वाईट. म्हणजे तिथं बसून होते. चहा पेत होते. अन् आपल्याकडं आले नाही.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, “उद्या तुह्या काकाले फोन लाव.”

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आम्ही रामटेकला गेलो. काकांनी गावाकडून पळसाची पानं आणि देठ गोणीत भरून आणले होते. तळ्याच्या काठी गुरुजींनी पानांचं अंग रचलं. हात, पाय, छाती. डोक्याच्या जागी सोललेला नारळ ठेवला. आईने ट्रंकेतून आणलेला बाबांचा दुसरा दुपट्टा काकांकडे दिला. भावाचा दुपट्टा कसा बांधायचा ते काकांच्या हातांना बरोबर आठवलं. कान असायला हवे होते तिथून घेऊन मागे गाठ, आणि टोक डाव्या खांद्यावर.

पुतळा एका कुशीवर होता, तोंड तळ्याकडे. आमच्याकडून फक्त गाठ दिसत होती, आणि पानांची पाठ. मी काकांकडे पाहिलं. ते पुतळ्यापासून दोन पावलं मागे सरकले होते.

गुरुजी पेटवायच्या तयारीला लागले, तेव्हा आई पुढे झाली. “थांबा. मी तोंड नाही पाह्यलं अजून.”

“बाई, पुतळ्याले कायचं तोंड असते?” गुरुजी म्हणाले.

“माणूस घरातून नेतात तेव्हा शेवटलं तोंड पाह्यतात ना? मग. भाऊजी, वळवा इकडं.”

काकांनी दुपट्ट्यासकट तो नारळ धरला आणि हळूच आमच्याकडे फिरवला. नारळाला तीन डोळे असतात, दोन डोळे आणि एक तोंड म्हटलं तरी चालतं. पांढऱ्या दुपट्ट्यातून ते आईकडे बघत होतं. मी नजर खाली केली. आईने केली नाही. ती वाकली, अगदी जवळ गेली, आणि तिने ते तोंड नीट पाहून घेतलं. दवाखान्यात चादर बाजूला करून विचारतात तेव्हा माणसं पाहतात, तसं. मग ती सरळ उभी राहिली.

“हेच व्हय,” ती म्हणाली. “द्या आग.”

सुकी पानं होती, भराभरा पेटली. गुरुजींनी सांगितलं की आता निघायचं, आणि मागे वळून कोणी पाहायचं नाही. आम्ही तिघं पायऱ्यांकडे चाललो. थोडं अंतर गेलो असू, तेवढ्यात मागे नारळ फुटल्याचा आवाज झाला. नारळच असणार. पण तो आवाज चौकात कोणी हाक मारायच्या आधी घसा खाकरतं तसा होता. माझी मान वळायलाच लागली होती. आईने माझं मनगट इतक्या जोरात आवळलं की बांगडी रुतली.

“चाल,” ती म्हणाली. “जाणाऱ्यानं वळू नये.”

ती हे मला म्हणाली की त्या सकाळच्या बाबांना, ते मी विचारलं नाही. त्यांनी हॉर्न ऐकूनही मान का वळवली नसेल, याचा मी पहिल्यांदा राग न येता विचार केला.

बस यायला वेळ होता. स्टँडपाशी एक टपरी होती, पुढे बाक. काकांनी चहा सांगितला. बाक टपरीकडे तोंड करून बसायचा असा मांडला होता. आई बसली तशी, आणि लगेच उठली. तिने बाकाला वळसा घातला आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. कपाळ कोरं होतं तिचं. कुंकू तिने कधी पुसलं ते मला दिसलं नव्हतं.

चहा तिने फुंकून फुंकून पूर्ण प्यायला आणि ग्लास उपडा ठेवला. नागपूरची बस वळणावर आली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, आणि आई उठून उभी राहिली.